हळद पिवळी का दिसते? प्रकाश, डोळा आणि मेंदू यांचा हिशेब

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा खरेदीदार हळकुंड हातात घेऊन मोडतात आणि आतला गाभा निरखून पाहतात. हळकुंडाची जाडी, वजन, वाळलेपणा या गोष्टी भाव ठरवतातच, पण गाभ्याच्या रंगाचे वजनही त्यात मोठे असते. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीची ओळख मुख्यतः तिच्या रंगावरून सांगितली जाते. ज्या गावात रंगावर एवढे व्यवहार चालतात, तिथे हा रंग नेमका कुठे असतो, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. हळकुंडात कुरकुमिन नावाचे द्रव्य असते, हे खरे. पण पिवळेपणा एकट्या हळकुंडात नसतो, आणि त्यावर पडणाऱ्या प्रकाशातही तो सुटा सापडत नाही. हळकुंड, त्यावर पडणारा प्रकाश, पाहणाऱ्याचा डोळा आणि मेंदू हे सगळे एकत्र आल्यावरच तो तयार होतो, आणि यांपैकी एक जरी बदलले तरी रंग बदलतो.

सुरुवात प्रकाशापासून करू. १६६६ च्या सुमारास आयझॅक न्यूटनने खिडकीच्या छिद्रातून आलेला सूर्यप्रकाशाचा झोत काचेच्या लोलकातून जाऊ दिला आणि भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा पट्टा पाहिला. एवढे त्याच्याआधीही अनेकांनी पाहिले होते आणि काचच प्रकाशाला रंग देते, असा समज रूढ होता. न्यूटनने त्या पट्ट्यातला एकच रंग वेगळा काढून दुसऱ्या लोलकातून नेला. त्याचे पुढे आणखी रंग झाले नाहीत. मग त्याने सगळे रंग पुन्हा एकत्र आणले, तेव्हा पांढरा प्रकाश परत मिळाला. पांढरा प्रकाश म्हणजे मुळातच मिश्रण आहे आणि लोलक ते फक्त वेगळे करतो, हे त्यातून सिद्ध झाले. १६७२ मध्ये त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे १७०४ च्या आपल्या ग्रंथात त्याने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, जिच्याकडे शालेय पुस्तके फारसे लक्ष देत नाहीत आणि जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: किरण स्वतः रंगीत नसतात, त्यांच्यात फक्त विशिष्ट रंगाची जाणीव निर्माण करण्याची क्षमता असते.

आजच्या भाषेत सांगायचे तर प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे. रेडिओच्या लहरी आणि क्ष-किरण याच कुटुंबातले. फरक फक्त तरंगलांबीचा. आपल्याला दिसतो तो साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा अरुंद पट्टा, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. या पट्ट्याच्या ४०० कडच्या टोकाला जांभळा, मग निळा, ५३० च्या आसपास हिरवा, ५८० ला पिवळा आणि ६२० च्या पुढे तांबडा अशी मांडणी असते. त्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाश संपत नाही, फक्त आपली नजर संपते.

आता हळदीवर येऊ. हळदीच्या पुडीत कुरकुमिनचे प्रमाण वजनाने काही टक्केच असते, पण तिचा सगळा रंग त्याच्यावर अवलंबून असतो. या रेणूमध्ये कार्बनच्या अणूंची एक लांब साखळी आहे आणि तिच्यात एकेरी व दुहेरी बंध आलटून पालटून येतात. अशा साखळीतले इलेक्ट्रॉन एकाच अणूला बांधलेले नसतात, ते साखळीभर पसरलेले असतात आणि त्यामुळे तुलनेने कमी ऊर्जेतही वरच्या पातळीवर जाऊ शकतात. साधारण ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे जांभळ्या-निळ्या प्रकाशाचा एक कण (प्रकाश लहर असला तरी ऊर्जेची देवघेव तो अशा सुट्या कणांत करतो) त्यांना तेवढी ऊर्जा देतो. तो कण शोषला जातो आणि त्याची ऊर्जा बहुतांशी उष्णतेत जाते. उरलेला प्रकाश, म्हणजे ५२० च्या पुढचा हिरवा, पिवळा, नारिंगी आणि तांबडा, पुडीच्या कणांमधून इकडेतिकडे विखुरत बाहेर पडतो आणि आपल्या डोळ्यांकडे येतो.

हळदीकडून येणाऱ्या प्रकाशात ज्याला काटेकोरपणे पिवळा म्हणता येईल असा, ५७० ते ५९० नॅनोमीटरचा भाग अगदी थोडा असतो. बाकीचा सगळा हिरवा, नारिंगी आणि तांबडा असतो. तरीही आपल्याला त्यात ना हिरवा दिसतो, ना तांबडा. दिसतो तो एकसंध, भरघोस पिवळा. हे का होते, याचे उत्तर हळकुंडात सापडत नाही. त्यासाठी डोळ्यात शिरावे लागते.

डोळ्याच्या मागच्या बाजूला दृष्टिपटल असते आणि त्यावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी सुमारे बारा कोटी असतात आणि त्या अंधुक उजेडात काम करतात. शंकूपेशी सुमारे साठ लाख असतात, त्यांना भरपूर उजेड लागतो आणि रंगाचे काम त्याच करतात. शंकूपेशी तीन जातींच्या असतात: एका जातीचा प्रतिसाद ४२० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतो, दुसरीचा ५३० च्या आणि तिसरीचा ५६० च्या. त्यांना अनेकदा निळी, हिरवी आणि तांबडी शंकूपेशी म्हणतात, पण ही नावे दिशाभूल करतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीचे पट्टे एकमेकांवर बरेचसे चढलेले असतात आणि तिसरीचे शिखर तांबड्यात नसून पिवळसर हिरव्यात येते. म्हणून त्यांना आखूड, मध्यम आणि लांब तरंगांच्या पेशी म्हणणे अधिक बरोबर आहे.

यातली कळीची गोष्ट अशी की कोणत्याही एका शंकूपेशीला रंग कळत नाही. तिच्यावर पडलेला प्रकाशकण एकदा शोषला गेला की तो कोणत्या तरंगलांबीचा होता, ही माहिती पुसली जाते. पेशी फक्त ‘किती कण टिपले’ एवढेच पुढे कळवते. आवडत्या तरंगलांबीचा मंद प्रकाश आणि नावडत्या तरंगलांबीचा झगझगीत प्रकाश तिच्याकडून अगदी सारखाच संदेश पाठवू शकतात. तरंगलांबीचा अंदाज लागतो तो तिन्ही जातींच्या आकड्यांची तुलना केल्यावर. डोळ्यात हजारो वेगवेगळ्या ग्राहकांची गरज नाही, तीन पुरतील, हा तर्क थॉमस यंग याने १८०१-०२ मध्ये, पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखल्या जाण्याच्या कितीतरी आधी मांडला होता. केवळ विचारातून गाठलेले असे निष्कर्ष विज्ञानात फार कमी वेळा इतके खरे ठरतात.

हळदीचा पिवळा आता उलगडतो. तिच्याकडून येणाऱ्या प्रकाशात जांभळा-निळा भाग नसल्यामुळे आखूड तरंगांच्या पेशी जवळजवळ गप्प राहतात. मध्यम आणि लांब तरंगांच्या पेशी मात्र दोन्ही जोरात उत्तेजित होतात. ‘पहिली गप्प, उरलेल्या दोन्ही जोरात’ या संदेशाचेच मेंदूतले रूप म्हणजे पिवळा. हाच संदेश ५८० नॅनोमीटरचा शुद्ध प्रकाश एकटाही पाठवू शकतो. हिरव्या आणि तांबड्या प्रकाशाचे योग्य मिश्रणही तो पाठवू शकते. डोळ्याला यातला फरक ओळखण्याचा कोणताही मार्ग नाही.

हे पटत नसेल तर मोबाइलचा पडदा आठवा. अडत दुकानातून परगावच्या व्यापाऱ्याला हळदीचा फोटो जातो आणि तो त्याच्या पडद्यावर पिवळाधमक दिसतो. त्या पडद्यावर पिवळा प्रकाश देणारा एकही बिंदू नसतो. तिथे फक्त तांबडे, हिरवे आणि निळे असे अतिसूक्ष्म दिवे असतात. हळदीच्या जागी निळे जवळजवळ विझलेले आणि बाकीचे दोन पेटलेले असतात. खऱ्या हळदीचा प्रकाश आणि पडद्यावरच्या हळदीचा प्रकाश भौतिकदृष्ट्या एकमेकांपासून खूप वेगळे असूनही डोळ्याला सारखे वाटतात. दूरचित्रवाणी, छपाई आणि छायाचित्रण ही सगळी डोळ्याच्या या मर्यादेवर उभी आहेत.

याच मर्यादेचा गैरफायदाही घेतला जातो. हळदीच्या पुडीत मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट ही पिवळी रंगद्रव्ये मिसळायला कायद्याने बंदी आहे, कारण ही द्रव्ये आरोग्याला घातक आहेत आणि लेड क्रोमेटमध्ये तर शिसे असते. त्यांचा आणि कुरकुमिनचा रासायनिकदृष्ट्या काहीही संबंध नाही. तरीही तिन्ही जातींच्या पेशींना ती जवळपास तेच तीन आकडे देतात, आणि म्हणून नुसत्या नजरेने भेसळ पकडण्याचा दावा कोणी करू नये. डोळ्याकडे प्रकाशाचे पूर्ण विश्लेषण येतच नाही. त्याच्याकडे येतो तो फक्त तीन आकड्यांचा सारांश. घरातल्या माणसांच्या पोटात जाणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ही गोष्ट प्रत्येकाला माहीत असली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. चमकदार पिवळा म्हणजे शुद्ध, हा समज आपण सोडायला हवा.

यानंतर येतो तो दिव्याचा मुद्दा. हळद जो प्रकाश परत पाठवते, तो आधी तिच्यावर पडलेला असावा लागतो. भरदुपारच्या उन्हात निळ्यापासून तांबड्यापर्यंत सर्व तरंगलांबी भरपूर असतात. जुन्या तारेच्या बल्बमध्ये निळा भाग फारच कमी असतो आणि तांबडा पुष्कळ. अशा बल्बखाली फिकी पिवळी वस्तू आणि पांढरी वस्तू यांतला फरक जवळजवळ नाहीसा होतो, कारण तो फरक निळा प्रकाश शोषण्यात असतो आणि शोषण्यासाठी मुळात निळा प्रकाशच नसतो. याचे टोक म्हणजे कमी दाबाचा सोडियमचा दिवा. त्याचा जवळजवळ सगळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. त्या दिव्याखाली हळदीची पूड आणि तांदळाचे पीठ शेजारी शेजारी ठेवले तर रंगावरून ती वेगळी सांगता येणार नाहीत. निळे कापड मात्र काळपट दिसेल.

आजकालच्या पांढऱ्या एलईडीची रचना आणखी वेगळी आहे. आत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश देणारा अर्धवाहकाचा तुकडा असतो आणि त्यावर पिवळसर प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप असतो. दोन्ही मिळून पांढरे दिसते. हा निळा एलईडी घडवल्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वस्त एलईडीच्या प्रकाशात निळा आणि हिरवा यांच्यामधला काही भाग आणि गडद तांबडा कमी पडतो. त्यामुळे उन्हात वेगवेगळे दिसणारे दोन नमुने दिव्याखाली एकसारखे दिसू शकतात, किंवा त्याच्या उलटही होते. साडीच्या दुकानातून दाराशी येऊन पदर उजेडात पाहणाऱ्या बायका आणि तासगावच्या बेदाण्याचा हिरवा-पिवळा उघड्या उजेडात पाहणारे खरेदीदार जे करतात, ते शास्त्राला धरूनच आहे. त्यातही थेट उन्हापेक्षा सावलीतला, मोकळ्या आकाशाखालचा एकसारखा उजेड अधिक चांगला, कारण थेट उन्हात पॉलिश केलेल्या हळकुंडाची चकाकी मध्ये येते. ती चकाकी म्हणजे पृष्ठभागावरूनच परतलेला, कुरकुमिनला न भेटलेला प्रकाश असतो आणि तो रंगाला फिका करतो.

पुडीच्या बाबतीत दळण्याचाही परिणाम होतो. जितके बारीक दळावे तितके पृष्ठभाग वाढतात, प्रकाश आत खोलवर न जाताच वारंवार विखुरून बाहेर येतो, आणि तीच हळद अधिक उजळ व फिकी दिसते. त्याच पुडीवर पाणी किंवा तेल घातले की कणांमधल्या हवेची जागा द्रव घेतो, विखुरणे कमी होते, प्रकाश जास्त खोल जातो आणि रंग गडद होतो. कुरकुमिन सगळ्या वेळी तेवढेच असते.

हळदीची रासायनिक बाजू याहून रंगतदार आहे. हळदीत चुना कालवला की ती लालभडक होते, हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे. हळदीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की तो क्षणात तांबूस होतो, हेही. चुना किंवा साबण यांच्या अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाच्या) द्रावणात कुरकुमिनचा रेणू हायड्रोजनचे केंद्रक गमावतो, त्याच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, आणि त्याला वरच्या पातळीवर जायला पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा पुरते. त्यामुळे शोषणाचा पट्टा जांभळ्याकडून हिरव्याकडे सरकतो. निळ्याबरोबर हिरव्याचाही मोठा भाग शोषला गेला की मध्यम तरंगांच्या पेशी मागे पडतात, लांब तरंगांच्या पेशी तेवढ्या उरतात, आणि पिवळ्याचा लाल होतो. कपडा धुऊन साबण निघून गेला की डाग पुन्हा पिवळा होतो. पारंपरिक पद्धतीने हळकुंडापासून कुंकू करताना लिंबाचा रस आणि टाकणखार वापरतात. तिथे चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ काम करत नाही. आम्लाच्या उपस्थितीत टाकणखारातले बोरॉन कुरकुमिनशी जोडले जाते आणि लाल रंगाचे नवे संयुग तयार होते. देव्हाऱ्यात शेजारी शेजारी असलेल्या दोन कोयऱ्यांमधला पिवळा आणि लाल हा अशा रीतीने एकाच रेणूच्या शोषणपट्ट्याच्या सरकण्याचा फरक असू शकतो. बाजारात मिळणारे बरेचसे कुंकू मात्र आता कृत्रिम रंगाचे असते.

हळदीचा डाग उन्हात वाळवला की फिकट होतो, कारण प्रकाशामुळे कुरकुमिनचे रेणू मोडतात आणि मोडलेल्या तुकड्यांत ती लांब साखळी उरत नाही. पूड काचेच्या बरणीत खिडकीपाशी ठेवू नये, ती याचसाठी.

डोळ्यातून निघालेले तीन आकडे मेंदूत पोचेपर्यंत त्यांच्यावर आणखी संस्कार होतात. १८७० च्या दशकात एवाल्ड हेरिंग याने एक साधी गोष्ट दाखवून दिली: निळसर हिरवा, पिवळसर तांबडा असे रंग आपण पाहतो, पण निळसर पिवळा किंवा हिरवट तांबडा असा रंग कोणी पाहिलेला नाही. याचा अर्थ मेंदूच्या वाटेवर कुठेतरी निळा आणि पिवळा एकमेकांच्या विरुद्ध पारड्यांत टाकले जातात, आणि तांबडा-हिरवाही तसेच. पुढे दृष्टिपटलातल्याच पुढच्या थरांमध्ये अशा वजाबाक्या करणाऱ्या पेशी सापडल्या. यंगची तीन ग्राहकांची कल्पना आणि हेरिंगची जोड्यांची कल्पना यांच्यात बराच काळ वाद चालला. दोघेही बरोबर होते, फक्त वेगवेगळ्या टप्प्यांबद्दल बोलत होते.

त्यानंतर मेंदू जे करतो ते मला सर्वांत विलक्षण वाटते. भरदुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स (उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, तर घरात दिव्याखाली दोनतीनशे. उन्हातला कोळसा घरातल्या पांढऱ्या कागदापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश डोळ्याकडे पाठवतो. तरीही कोळसा काळा आणि कागद पांढराच दिसतो. मेंदू आजूबाजूच्या सगळ्या वस्तूंची एकमेकांशी तुलना करतो, उजेड कसा असावा याचा अंदाज बांधतो आणि तो वजा करून वस्तूचा रंग ठरवतो. म्हणून हळद सकाळी, दुपारी आणि बल्बखाली साधारण पिवळीच राहते, जरी तिच्याकडून येणारा प्रकाश प्रत्येक वेळी निराळा असला तरी. हा अंदाज जेव्हा चुकतो तेव्हा गोंधळ उडतो. २०१५ मध्ये एका पोशाखाचे छायाचित्र जगभर फिरले. काहींना तो निळा-काळा दिसत होता, काहींना पांढरा-सोनेरी, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपल्या म्हणण्यावर ठाम होते. छायाचित्रात उजेड कसा होता याचा सुगावा पुरेसा नव्हता, त्यामुळे वेगवेगळ्या मेंदूंनी वेगवेगळा उजेड गृहीत धरला. पोशाख प्रत्यक्षात निळा-काळा होता.

शेजारचा रंगही आपले काम करतो. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचे काम पाहणारा रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याच्याकडे, विणकामातला काही धागा निस्तेज दिसतो, अशी तक्रार आली. रंगात दोष नव्हता. शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. १८३९ मध्ये त्याने या विषयावर सविस्तर ग्रंथ लिहिला. हळदीचा नमुना निळ्या कागदावर ओतला तर तो अधिक पिवळा वाटतो आणि पिवळ्या कागदावर फिका पडतो. तुलना करायची असेल तर दोन्ही नमुने एकाच राखाडी किंवा पांढऱ्या कागदावर असावेत.

दिवस मावळू लागला की शंकूपेशींना उजेड पुरत नाही आणि दंडपेशी काम हाती घेतात. त्यांची एकच जात असल्यामुळे तुलनेला दुसरा आकडा उरत नाही, आणि रंग विरघळतात. दंडपेशींचा प्रतिसाद ५०० नॅनोमीटरच्या जवळ सर्वाधिक असतो, तांबड्याला त्या जवळजवळ आंधळ्या असतात. म्हणून तिन्हीसांजेला अंगणातले लाल जास्वंद काळपट होते, तर त्याची पाने त्या मानाने उजळ राहतात. झेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने १९ व्या शतकात हा बदल नोंदवला आणि तो त्याच्याच नावाने ओळखला जातो.

पाहणारा डोळाच वेगळा असला तर काय होते, याचे उदाहरण शेजारच्या सातारा जिल्ह्यात दर पावसाळ्याच्या अखेरीला उभे राहते. कासच्या पठारावर तेरडा, सोनकी, सीतेची आसवे फुलतात आणि माणसे रंगांचे गालिचे पाहायला जातात. पण ती फुले मुळात आपल्यासाठी रंगलेली नाहीत. मधमाशीच्याही डोळ्यात तीन प्रकारचे ग्राहक असतात, मात्र ते अतिनील, निळा आणि हिरवा यांच्यासाठी असतात. आपल्याला एकसारख्या पिवळ्या दिसणाऱ्या अनेक फुलांच्या पाकळ्यांवर अतिनील प्रकाशात वेगळे ठसे असतात, आणि मधमाशीला ते दिसतात. तांबड्या प्रकाशाला मात्र ती जवळजवळ आंधळी असते. मधमाश्यांना रंग कळतात हे कार्ल फॉन फ्रिश यांनी रंगीत कागदावर साखरपाणी ठेवून प्रयोगाने दाखवले. त्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. माणसांमध्येही काहींच्या डोळ्यात एखाद्या जातीची शंकूपेशी नसते किंवा वेगळी असते, आणि मग तांबडा-हिरवा यांत गल्लत होते. त्यासाठीची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे हे पुरुषांमध्ये खूप अधिक आढळते.

मग रंग मोजायचा कसा? प्रयोगशाळेत हळदीचा रंग मोजणारे यंत्र असते आणि ते तीन आकडे देते: एक उजळपणाचा, एक तांबडा-हिरव्याचा, एक पिवळा-निळ्याचा. हेरिंगच्या जोड्याच इथे आकड्यांत उतरल्या आहेत. यंत्र निःपक्ष असते, असे आपण गृहीत धरतो. पण त्याच्या गणितात एक ‘प्रमाणित निरीक्षक’, म्हणजे सरासरी माणसाच्या नजरेचा आकड्यांतला नमुना, बसवलेला असतो. तो १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरवला गेला आणि त्याचा आधार होता इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड यांनी स्वतंत्रपणे केलेले प्रयोग. राइट यांनी दहा माणसांच्या आणि गिल्ड यांनी सात माणसांच्या नजरेची मोजमापे घेतली होती. सतरा माणसांच्या डोळ्यांची ती सरासरी आजही जगभर वापरात आहे. १९६४ मध्ये तिच्या जोडीला अधिक रुंद दृष्टिक्षेत्रासाठीचा दुसरा निरीक्षक ठरवण्यात आला. म्हणून हळदीच्या रंगाच्या नीट लिहिलेल्या अहवालात तीन आकड्यांच्या बरोबर आणखी दोन गोष्टी नोंदवलेल्या असतात: मोजताना कोणता प्रकाश गृहीत धरला, उदाहरणार्थ दिवसाच्या उजेडाशी जुळणारा डी-६५, आणि कोणता निरीक्षक धरला, १९३१ चा २ अंशांच्या दृष्टिक्षेत्राचा की १९६४ चा १० अंशांच्या दृष्टिक्षेत्राचा. या दोन नोंदींशिवाय ते तीन आकडे दुसऱ्या कोणत्याही आकड्यांशी ताडून पाहता येत नाहीत.